नवजात बालकाचा पहिला श्वास : तो का अडखळतो आणि कसा सावरतो

प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या नातेवाइकांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. बाळाचे रडणे ऐकू आले की चेहरे खुलतात आणि पेढ्यांची भाषा सुरू होते. वैद्यकीय दृष्ट्या ते रडणे म्हणजे बाळाच्या फुप्फुसांत हवा पोहोचल्याची पहिली ग्वाही असते. परंतु काही बालके जन्मतः रडत नाहीत. काही रडतात, पण तासाभरातच धापा टाकू लागतात. अशा वेळी "बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे, काचेच्या पेटीत ठेवावे लागेल" एवढे एक वाक्य नातेवाइकांच्या हाती पडते आणि मनात प्रश्नांचे काहूर उठते. असे का झाले? आमचे काही चुकले का? ही नळी कशासाठी? बाळ वाचेल ना?

या प्रश्नांची उत्तरे सोप्या शब्दांत द्यावीत, हा या लेखाचा हेतू आहे. आपल्या संस्थेच्या देणगीदारांनाही हा विषय समजून घ्यावासा वाटेल. कारण त्यांनी दिलेल्या साहाय्याचा उपयोग नेमका कोणत्या क्षणी होतो, हे त्यातून ध्यानी येईल.

गर्भातील व्यवस्था आणि जन्माचा क्षण

आईच्या पोटात असताना बाळाला फुप्फुसांची गरज नसते. आईच्या रक्तातील प्राणवायू वारेतून आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचतो. त्या काळात फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात व त्यांमधून फारच थोडे रक्त वाहते. जन्मानंतर मात्र अवघ्या काही मिनिटांत सारी व्यवस्था बदलावी लागते. फुप्फुसांतील द्रव शोषला जातो, त्याची जागा हवा घेते, आकसलेल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदयातून निघणारे रक्त प्रथमच मोठ्या प्रमाणात फुप्फुसांकडे वळते. यांतील एकही पायरी चुकली, तर पुढच्या सर्व पायऱ्या अडतात.

फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वांत अवघड जाते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. एकदा फुगा थोडा फुगला की पुढे फारसे श्रम पडत नाहीत. फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांचेही तसेच आहे. शिवाय हे कोश आतून ओलसर असतात. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तशीच चिकटण्याची प्रवृत्ती वायुकोशांमध्ये असते. हे टाळण्यासाठी निसर्गाने एक स्निग्ध द्रव्य योजले आहे. त्याला सर्फेक्टंट म्हणतात. रिठ्याच्या पाण्याला जसा फेस धरतो, तसा या द्रव्यामुळे वायुकोशांतील पाण्याचा ताण कमी होतो आणि श्वास सोडल्यानंतरही कोश पूर्ण मिटत नाहीत. त्यामुळे पुढचा श्वास पहिल्याइतका कष्टाचा ठरत नाही.

हे द्रव्य गर्भाच्या २४ व्या आठवड्याच्या आसपास तयार होऊ लागते आणि साधारण ३४-३५ व्या आठवड्यापर्यंत पुरेसे साठते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास हा पहिल्याच श्वासासारखा घ्यावा लागतो. काही तासांतच ते इवले शरीर थकते. रक्तातील प्राणवायू घटतो, कर्बद्विप्राणिल वायू साचतो आणि रक्ताची आम्लता वाढते. श्वसनक्रिया निकामी होणे म्हणतात ते हेच.

इतर कारणे

अपुरे दिवस हे प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव नव्हे. पूर्ण दिवसांच्या बाळालाही हा त्रास होऊ शकतो. प्रसूतीच्या कळांदरम्यान प्राणवायूचा पुरवठा कमी पडला, तर बाळ जन्मतः निपचित असते. काही वेळा पोटातच बाळाला शौच होते आणि ते गर्भजलातून श्वासमार्गात शिरते. दिवस उलटून गेलेल्या बाळांत हे अधिक आढळते. जंतुसंसर्गामुळे न्यूमोनिया होतो. कळा सुरू होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असता फुप्फुसांतील द्रव शोषला जाण्यास वेळ लागतो व बाळ एक-दोन दिवस जलद श्वास घेते. हा त्रास बहुधा आपोआप निवळतो. हृदयातील जन्मजात दोष किंवा छाती व पोट यांमधील पडद्याला असलेले छिद्र, ही त्यामानाने विरळ पण गंभीर कारणे होत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बाळ आधी जन्मले म्हणून "हिने ग्रहण पाळले नाही", "हिने जड उचलले" असे बोल बाळंतिणीला ऐकावे लागतात. ग्रहणाचा या आजाराशी काहीही संबंध नाही. अकाली प्रसूतीचे कारण पुष्कळदा कळतही नाही. खचलेल्या मातेला त्या वेळी आधाराची गरज असते. दोष देऊन आपण बाळाचा सर्वांत मोठा आधारच दुबळा करतो.

एका शोधाची वाटचाल

या आजाराचे कारण सापडायला आणि त्यावर इलाज मिळायला किती काळ लागला, हे पाहण्यासारखे आहे. १९५९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मेरी एलेन एव्हरी व डॉ. जेरे मीड यांनी दाखवून दिले, की या आजाराने दगावलेल्या बालकांच्या फुप्फुसांत ताण कमी करणारे द्रव्य पुरेसे नसते. कारण कळले, पण औषध नव्हते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन २१०० ग्रॅमच्या आसपास होते. सत्ता, संपत्ती आणि नामवंत डॉक्टर दिमतीला असूनही ३९ तासांनी ते बाळ गेले. आज तेवढ्याच दिवसांचे व तेवढ्याच वजनाचे बाळ योग्य सोयी असलेल्या रुग्णालयातून बहुतेक वेळा सुखरूप घरी जाते.

हा फरक तीन टप्प्यांनी घडून आला. १९७१ मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी श्वासमार्गात सतत सौम्य दाब ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ वाचली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स व डॉ. हॉवी यांनी, प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून बनवलेले सर्फेक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडून उत्साहवर्धक परिणाम नोंदवले. आज जगभर हे तिन्ही उपचार रूढ आहेत. मात्र प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे आणि ती टळली की त्याचा गुण उणावतो.

जन्मापूर्वीचा उपचार

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका गर्भवतीला ३१ व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. या बाळाच्या श्वासाचा उपचार त्याच क्षणी सुरू व्हावयास हवा. बाळ जन्मल्यावर नव्हे. डेक्सामेथासोन हे अत्यंत स्वस्त औषध आहे. दर १२ तासांनी एक, अशी त्याची चार इंजेक्शने मातेला दिली जातात. पूर्ण परिणाम दिसण्यास सुमारे एक दिवस लागतो. म्हणून घरी वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक तास बाळाच्या वाट्यातून वजा होतो. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अशा मातेला मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा देण्याची मुभा उपकेंद्रातील परिचारिकेलाही मिळाली.

परंतु इंजेक्शन दिले म्हणजे काम संपले, असे नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील एका मोठ्या अभ्यासात बेळगाव व नागपूर परिसराचाही समावेश होता. ग्रामीण स्तरावर या औषधाचा वापर वाढवूनही लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट एकंदर नवजात मृत्यू किंचित वाढलेले आढळले. या निष्कर्षाने तज्ज्ञही चक्रावले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत पुन्हा अभ्यास केला. गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केलेले आणि जन्मानंतर बाळाची देखभाल करण्याची सोय असलेली, अशीच ठिकाणे यासाठी निवडली होती. २०२० मध्ये जाहीर झालेल्या या अभ्यासात औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात १९.६ टक्के बाळे दगावली. म्हणजे सुमारे २५ मातांना औषध दिले असता एक बाळ अधिक वाचले. या दोन अभ्यासांकडून घेण्याजोगा धडा असा, की दिवसांचा अचूक हिशेब, वेळेवर इंजेक्शन आणि जन्मानंतरची देखभाल या तिन्ही कड्या जुळल्या तरच साखळी टिकते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी का चुकवू नये, हेही यावरून लक्षात यावे.

शक्य असेल तर अशा मातेने प्रसूतीपूर्वीच सुसज्ज रुग्णालय गाठावे. आईच्या गर्भाशयाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही.

पहिले मिनिट

शंभरातील सुमारे पाच ते दहा बालकांना पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. बाळाला कोरडे करणे, ऊब देणे, मान योग्य स्थितीत ठेवणे आणि पाठ चोळणे एवढ्यानेही पुष्कळ बाळे श्वास घेऊ लागतात. तरीही श्वास सुरू झाला नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आतच मुखवटा व फुग्यासारखी पिशवी यांच्या साहाय्याने फुप्फुसांत हवा भरावी लागते. हे साधन महागडे नाही. ते हाताळणारा सराईत हात मात्र हजर हवा. उलटे धरून चापट्या मारणे किंवा अंगावर गार पाणी शिंपडणे या जुन्या रीती घातक आहेत.

पूर्वी अशा प्रत्येक बाळाला शंभर टक्के प्राणवायू दिला जाई. १९९३ मध्ये दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी व सहकाऱ्यांनी साध्या हवेनेही बाळे तितकीच चांगली सावरतात असे दाखवले आणि पुढील अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. आता पूर्ण दिवसांच्या बाळासाठी सुरुवात साध्या हवेनेच केली जाते.

अतिदक्षता विभागातील पहिले तास

आपल्या उदाहरणातील बाळ जन्मले, रडले. पण अर्ध्या तासात कण्हू लागले. ते कण्हणे म्हणजे वायुकोश मिटू नयेत म्हणून बाळाची चाललेली धडपड होय. अशा बाळाला त्वरित सीपॅप लावतात. या साधनाची रचना मोठी सुबोध आहे. नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन आखूड नळ्यांवाटे उबदार, ओलसर हवा व प्राणवायू यांचे मिश्रण सोडले जाते. बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेले असते. जितकी खोली, तितका दाब. पाण्यात सतत बुडबुडे येत राहतात, आणि त्या दाबावर वायुकोश उघडे राहतात. श्वास बाळ स्वतःच घेते. यंत्र फक्त त्याचे श्रम हलके करते.

बुडबुडे थांबले, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. नळी सरकली असेल, किंवा बाळाचे तोंड उघडे पडले असेल. हे ओळखून क्षणात दुरुस्त करणारी परिचारिका तेथे नसेल, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते.

प्राणवायूची गरज वाढतच गेली, तर सर्फेक्टंट श्वासनलिकेत सोडावे लागते. ते पहिल्या काही तासांतच दिल्यास अधिक गुणकारी ठरते. हे औषध महाग आहे आणि नेमक्या याच वेळी कुटुंबाला पैशांची जुळवाजुळव करावी लागते. येथेच धर्मादाय निधीचे मोल कळते. पैसे आणण्यासाठी पित्याने गावी जाऊन यावे, एवढा अवधी त्या फुप्फुसांना नसतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर व्हेंटिलेटर, म्हणजे बाळाच्या वतीने श्वास घेणारे यंत्र लावतात. ते जीवनदायी असले तरी नाजूक फुप्फुसांना त्याचा दाब सोसत नाही आणि संसर्गाचा धोकाही वाढतो. म्हणून ते लावण्याइतकाच ते काढण्याचा निर्णयही वेळेवर व्हावा लागतो. अपुऱ्या दिवसांची बाळे मधूनच श्वास घ्यायला विसरतात. त्यासाठी कॅफीन हे औषध दिले जाते. होय, चहा-कॉफीत असते तेच द्रव्य!

प्राणवायू : औषधही आणि अपायही

"डॉक्टर, प्राणवायू थोडा वाढवा ना", अशी विनंती नातेवाईक कळवळून करतात. त्यामागील माया समजण्यासारखी आहे. पण १९४० ते १९५५ या काळात काचेच्या पेट्यांमध्ये मुक्तहस्ते प्राणवायू सोडल्यामुळे जगभर हजारो अकाली बाळांना अंधत्व आले. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले आणि लवकरच अमेरिकेतील अभ्यासाने ते खरे ठरवले. त्यानंतर प्राणवायू फारच कमी केला गेला, तेव्हा मृत्यू वाढले. म्हणून आज अकाली बाळाच्या पायाला किंवा हाताला लावलेल्या मापकावर ९० ते ९५ टक्के या मर्यादेत प्रमाण राखले जाते. आकडा शंभर दिसणे ही अशा बाळाच्या बाबतीत आनंदाची गोष्ट नसते.

याच कारणास्तव ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. फार लहान बाळांची त्याहूनही आधी. बाळ घरी गेले, गुटगुटीत दिसू लागले, की ही तपासणी राहून जाते. ज्या बाळाचा श्वास एवढ्या कष्टाने वाचवला, त्याची दृष्टी एका चुकलेल्या तारखेपायी जावी, यासारखे दुर्दैव नाही.

आईचे स्थान आणि घरची काळजी

बाळ स्थिर झाले की उपचारांत आईचा वाटा सुरू होतो, अशी पूर्वी समजूत होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारताचाही समावेश असलेल्या पाच देशांतील अभ्यासाने ती बदलली. १००० ते १८०० ग्रॅम वजनाची बाळे जन्मानंतर लगेचच आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवली असता मृत्यूंचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने घटले. आईचे दूध हेही संसर्गाविरुद्धचे मोठे कवच होय. ज्यांना ते मिळू शकत नाही, अशा बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली.

घरच्या काळजीचे महत्त्व तर महाराष्ट्रानेच देशाला दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघर देखभाल सुरू केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटी सुरू झाल्या.

पालकांनी पुढील लक्षणे ध्यानात ठेवावीत :

१. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ते ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा एकदा मोजावेत. दुसऱ्यांदाही तेवढेच आल्यास त्वरित रुग्णालयात यावे.
२. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुगणे.
३. प्रत्येक श्वासासोबत कण्हण्याचा आवाज येणे.
४. ओठ व जीभ निळसर पडणे. केवळ तळहात-तळपाय निळसर दिसणे पहिल्या दिवसात सर्वसाधारण असते.
५. श्वास २० सेकंदांहून अधिक थांबणे. पाच-दहा सेकंदांचा खंड पडून श्वास पुन्हा सुरू होत असेल, तर तो बहुधा स्वाभाविक असतो.
६. बाळ अंगावर ओढेनासे होणे, मलूल होणे, अंग गार पडणे.

अशा बाळाला आणताना आईच्या छातीशी, कपड्यांच्या आत उबेत ठेवून आणावे. वाटेत पाणी, मध किंवा गुटी पाजू नये.

समारोप

एका अंदाजानुसार २०२० या वर्षात भारतात सुमारे ३० लाख बालके अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात हा आकडा सर्वाधिक होता. यांतील प्रत्येकाला वाचवणे शक्य नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. काही पालकांना आम्हाला रिकाम्या हातांनी निरोप द्यावा लागतो आणि त्या दिवशी विभागातील कोणालाच घास गोड लागत नाही. तरीही १९६३ मध्ये एका महासत्तेच्या अध्यक्षांना जे लाभले नाही, ते आज शेतमजुराच्या बाळालाही लाभू शकते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

देणगीदार मंडळींकडे एक नम्र निवेदन आहे. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. परिचारिकेच्या रात्रपाळीवर ते कोरता येत नाही. परंतु पहाटे तीन वाजता बुडबुडे थांबल्याचे पाहणारे डोळे त्या रात्रपाळीचेच असतात. यंत्रांइतकेच साहाय्य प्रशिक्षणासाठी, पुरेशा परिचारिकांसाठी आणि तातडीच्या औषधनिधीसाठी लाभावे, अशी विनंती आहे. बाळाच्या पहिल्या श्वासाला वाट पाहता येत नाही. त्याच्या मदतीची सिद्धता आधीपासूनच हवी.